छोट्या कॉलेजात बायोकेमिस्ट्री : प्रवेशाआधी काय पाहावे, प्रवेशानंतर काय करावे

बारावीचा निकाल लागला की आपल्या विहारांत आणि समाजभवनांत करिअर मार्गदर्शनाची शिबिरे होतात. मंचावर एमपीएससीवाले असतात, बँकेतले असतात, एखादे इंजिनिअर असतात. सायन्स घेतलेल्या, पण ‘नीट’मध्ये मागे राहिलेल्या मुलामुलींना तिथे एकच उत्तर मिळते : बी.एस्सी. कर आणि सोबत स्पर्धा परीक्षेची तयारी कर. बी.एस्सी.ला कोणते विषय घ्यायचे यावर मंचावरून कुणी बोलत नाही, कारण तिथे बसलेल्यांना ते माहीत नसते. मलाही नव्हते. माझे शिक्षण समाजशास्त्रात एम.ए. विदर्भात सिकलसेलग्रस्त कुटुंबांसोबत काम करताना रक्ताचे रिपोर्ट वाचायची वेळ आली, तेव्हा ते मला समजावून सांगितले तालुक्याच्या कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकणाऱ्या एका मुलीने. पुढे अशा अनेक विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या शिक्षकांशी बोलणे झाले. त्यातून जमलेली माहिती इथे देत आहे. शिबिरे घेणाऱ्या कार्यकर्त्यांनीही ती जवळ ठेवावी.

हा विषय नेमका काय आहे

साखर चुलीत टाकली तर ती जळून काळी पडते. तीच साखर आपल्या पेशीत ३७ अंश सेल्सिअसला जळते, कुठेही आग लागत नाही आणि तिच्यातली ऊर्जा टप्प्याटप्प्याने वापरायला मिळते. हे कसे घडते याचा अभ्यास म्हणजे बायोकेमिस्ट्री, मराठीत जीवरसायनशास्त्र. प्रथिने, कर्बोदके, मेद आणि डीएनए-आरएनए हे रेणू कसे बनतात, कसे मोडतात, त्यांत बिघाड झाला तर कोणता आजार होतो, हा त्याचा गाभा.

जिवंत पेशीत काही खास ‘प्राणशक्ती’ असते आणि तिच्याशिवाय या क्रिया होत नाहीत, असे एकोणिसाव्या शतकात अनेक शास्त्रज्ञ मानत. १८९७ साली जर्मनीत एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूसोबत घोटून त्याचा पेशीविरहित रस काढला. त्या रसानेही साखर आंबवून दाखवली. काम करत होती ती एन्झाइम, म्हणजे विकरे. प्राणशक्तीची कल्पना तिथे मोडीत निघाली आणि १९०७ साली बुखनर यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बुद्धांच्या कार्यकारणभावावर व्याख्याने ऐकलेल्या आपल्या मुलांना हा धडा परका वाटू नये.

एन्झाइमच्या धड्यात ‘मायकेलिस-मेंटेन’ समीकरण येते. ते सगळे पाठ करतात. त्यातली मेंटेन म्हणजे मॉड मेंटेन ही कॅनडातली स्त्री डॉक्टर होती, हे मात्र मी विचारलेल्या एकाही विद्यार्थ्याला माहीत नव्हते. १९१३ सालच्या त्या शोधनिबंधात तिचे नाव आहे. पुढे १९४४ साली तिने सहकाऱ्यांसोबत विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करण्याचे काम केले. त्या पद्धतीचा आपल्या वस्त्यांशी थेट संबंध आहे. तो पुढे येतोच.

पदवीत हा विषय कुठे बसतो

छोट्या कॉलेजांत बायोकेमिस्ट्री बहुधा एकटी नसते. जुन्या पद्धतीत तीन विषयांचा ग्रुप असे : केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री आणि तिसरा मायक्रोबायोलॉजी, बॉटनी किंवा झूऑलॉजी. आता नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आली आहे. महाराष्ट्रात ती स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. एक मेजर, एक मायनर, तीन वर्षांनी पदवी, चौथे वर्ष केले तर ऑनर्स. चौथे वर्ष केल्यास एम.एस्सी. एका वर्षाची होते.

प्रवेश घेताना इथे एक मेख आहे. कॉलेजच्या माहितीपत्रकात बायोकेमिस्ट्रीचे नाव असते, पण ती मेजर म्हणून पूर्ण शिकवतात की केवळ मायनर म्हणून, हे विचारल्याशिवाय कळत नाही. एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीला जायचे तर मेजर असणे सोयीचे. मेजर केमिस्ट्री आणि मायनर बायोकेमिस्ट्री ही जोडीही वाईट नाही, उलट नोकरीच्या बाजारात केमिस्ट्रीची पदवी जास्त ठिकाणी चालते. त्यामुळे कोणती जोडी घेतो आहोत ते समजून घ्यावे, कारकुनाने फॉर्मवर टिक केली म्हणून घेऊ नये.

दुसरी मेख फीची. कॉलेज अनुदानित असले तरी बायोकेमिस्ट्री अनेकदा विनाअनुदानित तुकडीत चालते. मग त्याच इमारतीत, त्याच व्हरांड्यात बॉटनीची फी कमी आणि बायोकेमिस्ट्रीची कितीतरी जास्त. ‘हा विषय ग्रँटवर आहे का?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा.

प्रयोगशाळा : खरे शिक्षण इथेच

छोट्या कॉलेजाबद्दल आपण लगेच नाक मुरडतो. यंत्रे नाहीत, हे बऱ्याचदा खरेच असते. पण पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे बहुतेक प्रयोग महागड्या यंत्रांचे नसतात. परीक्षानळी, वॉटर बाथ, कलरीमीटर, पीएच मीटर, साधे सेंट्रिफ्यूज आणि स्वच्छ काचसामान एवढ्यावर ते होतात. आणि बॅच लहान असली की प्रत्येकाच्या हाताला पिपेट लागते. शहरातल्या गर्दीच्या कॉलेजात एक जण प्रयोग करतो आणि बाकीचे त्याचे आकडे उतरवतात, असेही मी ऐकले आहे.

उदाहरण म्हणून लाळेतल्या अमायलेजचा प्रयोग घ्या. तोंड धुऊन लाळ गोळा करायची, ती पातळ करायची, स्टार्चच्या द्रावणात मिसळायची आणि दर मिनिटाला एक थेंब काढून आयोडीनमध्ये टाकायचा. सुरुवातीला गडद निळा रंग येतो, मग जांभळट, मग तांबूस, आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळसर रंग तसाच राहतो. म्हणजे स्टार्च संपला. हेच बर्फात केले तर रंग जाता जात नाही. लाळ आधी उकळून घेतली तर निळा रंग हटतच नाही. पीएच ६.८ च्या आसपास काम सर्वांत वेगाने होते. खर्च जवळजवळ शून्य. पण तापमान, पीएच आणि एन्झाइम यांचे नाते एका दुपारी हातात येते. शेजारच्या मुलाची लाळ आपल्यापेक्षा लवकर स्टार्च का संपवते, यावर त्या दुपारी वर्गात भांडण झाले नाही तर प्रयोग नीट झालाच नाही असे समजावे.

असेच इतर प्रयोग : दुधात हळूहळू ॲसिड घालत पीएच ४.६ ला आणले की केसीन साकळून खाली बसते. आवळा आणि लिंबातले व्हिटॅमिन सी एका निळ्या रंगद्रव्याने मोजता येते. अमिनो ॲसिडचे ठिपके कागदावर चढवून निनहायड्रिन फवारले की जांभळे होतात, फक्त प्रोलीनचा पिवळा येतो. बायुरेट पद्धतीने प्रथिने मोजायची तर जांभळा रंग ५४० नॅनोमीटरला कलरीमीटरवर वाचायचा आणि आलेखावर सरळ रेषा काढायची. ही रेषा ज्याला नीट काढता येते आणि बिंदू रेषेबाहेर का गेला हे सांगता येते, त्याला पुढे कोणत्याही लॅबमध्ये उभे करा, तो शिकतो.

अडचण तिसऱ्या वर्षात येते. इलेक्ट्रोफोरेसिसचा संच कपाटात असतो, पण त्याची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो, पण दिवा गेलेला. एन्झाइम फ्रिजमध्ये ठेवले आणि वीज दिवसभर गेली तर त्याचा उपयोग संपला. पीसीआर फक्त फळ्यावर असतो. ही उणीव मान्य करूनच प्रवेश घ्यावा आणि ती कुठे भरून काढायची हे दुसऱ्या वर्षातच ठरवावे.

कॉलेज पाहायला गेलात तर प्राचार्यांच्या केबिनपेक्षा लॅब अटेंडंटला भेटा. त्यांना विचारा, डिस्टिल्ड वॉटर इथेच बनते की कॅन विकत आणता आणि मागचा कॅन कधी आणला? या एका उत्तरावरून तिथे किती प्रॅक्टिकल होतात ते कळते. विषयाचे शिक्षक पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, हेही विचारा. तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाईट शिकवतात असे अजिबात नाही. मला भेटलेले सर्वांत तळमळीचे शिक्षक त्यातलेच होते. पण त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, कधी ती सत्र सुरू होऊन महिने लोटल्यावर होते, आणि तोवर वर्ग रिकामा असतो. त्या काळात विद्यार्थ्यांनी निवेदन द्यायचे की घरी बसायचे, हा संघटनांनी विचार करायचा प्रश्न आहे.

हिमोग्लोबिनचा धडा

प्रथिनांच्या धड्यात सिकलसेल हमखास असतो. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या रुग्णांचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते. रेणूतल्या बिघाडामुळे होणारा आजार अशी ओळख मिळालेला हा पहिला आजार. १९५६ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा बिघाड एका अमिनो ॲसिडपर्यंत आणून ठेवला. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडच्या ऐवजी व्हॅलिन येते. ग्लुटामिक ॲसिडवर ऋणभार असतो, व्हॅलिनवर नसतो. म्हणून पीएच ८.६ ला ‘ए’ हिमोग्लोबिन धन टोकाकडे पुढे जाते आणि ‘एस’ मागे रेंगाळते. ऑक्सिजन कमी झाला की ‘एस’चे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

जगभरच्या पुस्तकांत हे उदाहरण आहे. फरक एवढाच की विदर्भातल्या वर्गात ते उदाहरण बाकावर बसलेले असते. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली. विदर्भात आदिवासी समूहांसोबत आपल्या बौद्ध समाजातही हा जनुक मोठ्या प्रमाणात आढळतो. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे एका ‘एस’ जनुकाने मलेरियापासून बचाव केला, म्हणून तो टिकला. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही तो आहे. आपल्यात जातीच्या आत लग्ने होत राहिली म्हणून दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढली. यात कुणाच्या रक्ताचा दोष नाही.

मला रिपोर्ट समजावणाऱ्या मुलीची गोष्ट इथे सांगायला हवी. तिच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला सोल्युबिलिटी टेस्ट ठेवली होती. विद्यार्थ्यांनी बोट टोचून स्वतःचेच रक्त घेतले. तिची नळी गढूळ झाली. नळीमागच्या कागदावरच्या रेषा दिसेनात. सगळ्या बॅचसमोर. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावात पोहोचली आणि आठवडाभरात तिच्या मोठ्या बहिणीच्या सोयरिकीबद्दल कुजबुज सुरू झाली. मुलगी स्वतः रुग्ण झाल्याच्या समजात तीन आठवडे कॉलेजात गेली नाही. खरे तर सोल्युबिलिटी टेस्ट फक्त ‘एस’ हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते; व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा ती ‘एएस’, म्हणजे वाहक निघाली. वाहक व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगते. जोडीदारही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून लग्नाआधी दोघांची तपासणी करायची.

शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता. पण रक्ताचा निकाल हा खासगी असतो, हे त्या लॅबमध्ये कुणी शिकवले नव्हते. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे : स्वतःचे रक्त प्रॅक्टिकलला द्यायला नकार देण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि रक्त हाताळायचे तर हातमोजे आणि वापरलेल्या सुईची विल्हेवाट यांची सोय हवी. तपासणी हवी असेल तर आरोग्य केंद्रात जावे. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि त्यात तपासणी मोफत होते.

ती मुलगी कॉलेजात परतली आणि तिने तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प याच विषयावर केला. आज वस्तीत कार्ड वाचून दाखवायला मी तिला सोबत नेते. ‘एएस’ आणि ‘एसएस’ यांतला फरक तिने आयाबायांना दोन रंगांच्या बांगड्यांनी समजावला. मी वर्षभर तक्ते दाखवत होते ते कुणाच्या लक्षात राहिले नव्हते.

इंग्रजी आणि पुस्तके

बारावीपर्यंत मराठीतून विचार केलेल्या मुलाला पहिल्या सत्रात सगळ्यात जड जाते ते इंग्रजी. हुशार मुले इथेच गळतात. पहिल्या वर्षी थेट लेनिंजर उघडू नये. यू. सत्यनारायण यांचे पुस्तक सोप्या इंग्रजीत आहे, ते आधी घ्यावे; लेनिंजर आणि स्ट्रायर दुसऱ्या वर्षापासून, आकृत्यांसाठी. प्रॅक्टिकलसाठी प्लमर किंवा जयरामन. ग्लायकोलायसिस आणि क्रेब्स चक्र पाठ करण्याआधी प्रत्येक पायरीवर कार्बनचे अणू मोजावेत : ग्लुकोजचे सहा, पायरुव्हेटचे तीन-तीन, त्यातला एक कार्बन डायऑक्साइड म्हणून गेला की दोन. हिशेब लागला की नावे आपोआप बसतात. स्वयम् आणि एनपीटीईएलवरची व्याख्याने मोफत आहेत. जी यंत्रे कॉलेजात नाहीत त्यांचे प्रयोग ‘व्हर्च्युअल लॅब्ज’वर पाहता येतात, हात बसत नाही, पण पायऱ्या कळतात.

हात बसवायचा तर सुट्टीत बाहेर पडावे लागते. विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप आणि मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘एनआययूएस’ कार्यक्रम हे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच आहेत. छोट्या कॉलेजांतून अर्ज कमी जातात, कारण नोटीस बोर्डावर ती जाहिरात लागतच नाही.

कमला सोहोनींकडून काय घ्यावे

या विषयात मराठी घरातले मोठे नाव कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या अडून बसल्या आणि अटींवर प्रवेश मिळवला. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी., नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत अध्यापन आणि नीरेसारख्या सामान्यांच्या पेयावर संशोधन. त्यांच्या जिद्दीची गोष्ट सांगतानाच हेही सांगावे की त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. घरात विषयाची भाषा होती, कुणाला पत्र लिहायचे ते माहीत होते. आपल्या पहिल्या पिढीच्या मुलीकडे जिद्द तेवढीच असते, काका नसतो. ती जागा संघटनेने भरायची असते.

पैसे आणि दाखले

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मिळते. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपचे पाहावे. वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिच्या अटी दरवर्षी समाजकल्याण कार्यालयात तपासाव्यात. शिष्यवृत्ती उशिरा येते म्हणून कॉलेजने निकाल किंवा टीसी अडवली, तर एकट्याने कारकुनाशी हुज्जत घालू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दाखल्याची बाब आपल्या मुलांसाठी खास महत्त्वाची आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण केंद्राच्या परीक्षांना केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला लागतो आणि राज्याचा नवबौद्ध दाखला तिथे अडतो. आयआयटी जॅमचा फॉर्म भरायच्या आठवड्यात हे कळून उपयोग नाही. पहिल्या वर्षीच दोन्ही दाखले काढून ठेवावेत.

पदवीनंतर

बी.एस्सी.वर थेट मिळणारी नोकरी म्हणजे पॅथॉलॉजी लॅब, औषध कंपनीचा क्वालिटी कंट्रोल, अन्न तपासणी प्रयोगशाळा. पॅथॉलॉजीत नियमित काम हवे तर डीएमएलटी जोडावी लागते. सुरुवातीचा पगार कमी असतो. कुणी मोठे आकडे सांगून भुलवले तर विश्वास ठेवू नये.

बी.एड. करून ज्युनिअर कॉलेजात लागू, असा बेत अनेक घरांत असतो. अकरावी-बारावीला बायोकेमिस्ट्री हा स्वतंत्र विषय नाही. त्यामुळे एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री केलेल्याला बायोलॉजीच्या किंवा केमिस्ट्रीच्या जागेवर पात्रतेची अडचण येऊ शकते. शिक्षक व्हायचेच असेल तर पदवीला केमिस्ट्री, बॉटनी किंवा झूऑलॉजी मेजर ठेवून बायोकेमिस्ट्री मायनर घ्यावी.

संशोधनाकडे जायचे तर एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षा तीन : आयआयटी जॅम, सीयूईटी-पीजी आणि गॅट-बी. जॅममध्ये बायोकेमिस्ट्रीचा वेगळा पेपर नाही, बायोटेक्नॉलॉजीचा द्यावा लागतो. त्यात बारावीच्या पातळीचे गणित आणि भौतिकशास्त्रही असते. बारावीला गणित सोडलेली आपली मुले इथे अडकतात. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात अकरावी-बारावीची गणिताची पुस्तके पुन्हा काढावीत. वस्तीतल्या अभ्यासिकेत इंजिनिअरिंगचा एखादा मुलगा असतोच, त्याला रोज एक तास मागावा. पुढे सीएसआयआर-नेटचा लाइफ सायन्सेस पेपर, आणि पीएच.डी.साठी बार्टीची फेलोशिप किंवा अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप. बार्टीची जाहिरात कधी येते, मुदत किती असते यावर लक्ष ठेवणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात असावा.